धाकलीची नोंद

आमच्या घरात सन कुणी सांगत नसे. खटाव तालुक्यातलं आमचं गाव कोरडवाहू, तिथे काळ मोजायचा तो संकटांवर. कुणी प्लेगातलं, म्हणजे गाव रानात झोपड्या घालून राहिलं होतं तेव्हाचं. कुणाचं लग्न गांधीबाबांचा खून झाला त्या साली. आत्याचा धाकटा बहात्तरच्या दुष्काळातला. तिला खडी फोडायच्या कामावरच कळा आल्या म्हणतात.

आणि आजी आवाज खाली आणून सांगायची ती मानमोडी. मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ, हे मला पुष्कळ पुढे पुस्तकांतून कळलं. आजीनेही ती पाहिलेली नव्हती. सासूच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या, तोंडून ऐकलेली. दसरा-दिवाळीच्या मध्ये पणजोबा तापाने पडले आणि चार दिवसांत गेले. आठवडा उलटायच्या आत त्यांची तीन वर्षांची मुलगी गेली. घरात तिला धाकली म्हणत. खांदा द्यायला माणसं मिळेनात, जो तो आपापल्या घरात पडलेला. त्या साली पाऊसही नव्हता. उरलेला एक मुलगा, म्हणजे माझे आजोबा, पणजीने हुलग्याच्या माडग्यावर जगवला.

माडगं आजीही करायची, थंडीचे दिवस आले की. हुलगे खरपूस भाजून त्यांचं पीठ, गूळ, चिमूटभर मीठ, असलीच तर सुंठ. गुठळी होऊ नये म्हणून ढवळत राहायची. पहिली वाटी ती बाजूला काढून ठेवी. कुणासाठी, असं विचारलं तर "सासूबाई काढायच्या," एवढंच. ती वाटी देवाची होती की धाकलीची, हे आता कुणालाच सांगता येत नाही. मला ती धाकलीचीच वाटते.

माझी पुतणी लंडनला असते. तिकडची १९२१ची शिरगणती शंभर वर्षांनी खुली झाली, घरन् घर नावानिशी. तिने विचारलं, काका, आपली माणसं अशी का नाही बघता येत? मोजलं तर आपल्यालाही होतं, १८७२ पासून. पण माणसागणिक भरलेल्या चिठ्ठ्या बेरजा झाल्या की नष्ट करत, आणि पुढे १९४८च्या जनगणना कायद्याने घरोघरची माहिती गोपनीयच ठेवली. आपल्या हाती राहतात ते आकडे. त्यातला एक आकडा मात्र मला आमच्या घरातलाच वाटतो. आजच्या भारताच्या हद्दीपुरतं पाहिलं तर १९११ साली माणसं होती सुमारे २५ कोटी २१ लाख. १९२१ साली भरली २५ कोटी १३ लाख. विसाव्या शतकात लोकसंख्या घटली ती एवढ्या एकाच दशकात. त्या वजाबाकीत आमचे पणजोबा आहेत, धाकली आहे.

नावं हवी असतील तर कोतवाल बुक बघावं लागतं. गावातलं जन्ममरण त्यात लिहिलेलं असे आणि ही जुनी पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३पासून कुणबी नोंदींसाठी रीघ लागली, तेव्हा ती पुन्हा लोकांच्या तोंडी आली आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधत माणसं गावोगाव फिरू लागली. असेच एक निवृत्त गुरुजी माझ्याबरोबर वडूजला आले.

पान तपकिरी पडलेलं, कडा झिजलेल्या. आधी सलग ओढलेली रेघ आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत गेलेली अक्षरं. एक शब्द कुठे संपला नि दुसरा कुठे लागला, ते सरावाच्या डोळ्यालाच कळावं. गुरुजी कागदाला स्पर्श न करता वरून बोट फिरवत वाचत होते. अमुक बिन तमुक. अमकी कोम तमका. पुरुष बापाच्या नावाने, बाई नवऱ्याच्या नावाने. १९१८चा ऑक्टोबर लागला आणि पानं दाट झाली. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. मध्येच लिहिणाऱ्याचं वळण बदललं. गुरुजी तिथे थोडे थांबले आणि पुढे वाचू लागले.

पणजोबा सापडले. त्यांच्या वडिलांचं नाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं, तेही ‘बिन’च्या पुढे मिळालं. आणि पुढच्या पानावर त्याच घरची मुलगी, वय वर्षे ३, ताप. नाव नाही. दोन नोंदींत सहा दिवसांचं अंतर. आजीचा ‘आठवडा उलटायच्या आत’ खरा होता. दोन सासवा-सुनांनी तो काही न लिहिता इतकी वर्षं नीट सांभाळला होता, याचं मला फार अप्रूप वाटलं.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत बायका जरा बऱ्या भेटतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात: घरातलं कोण आलं, सोबत कोण, कुणाचं श्राद्ध केलं. आमचे आजोबा पणजीला घेऊन एका सिंहस्थाला गेले होते. तिथे तिचं नाव आहे, माहेरच्या आडनावासकट, आणि खाली आजोबांचा अंगठा. धाकलीचं नाव तिथेही नाही. वंशावळीत मी तिला धाकली म्हणूनच लिहिलं आहे, पणजोबांच्या खाली, आजोबांच्या शेजारी.

आता पणजीचं माहेर शोधायचं आहे. चुलते म्हणतात दहिवडीकडचं. आत्याला ते मान्य नाही. नव्वदीला टेकली आहे, पण ठामपणे म्हणाली, "आज्जी सांगायची, आमच्या धाब्यावरनं सिद्धनाथाचा रथ दिसायचा. दहिवडीत कुठला आलाय रथ?" तेव्हा आधी म्हसवडची पुस्तकं. गुरुजींना कळवलं आहे.