हिरडीपासून गर्भाशयापर्यंत: पनवेलच्या औषधांचा एक धागा

मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी एके काळी होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तिथून घाटाची वाट धरी. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता झाला, १८५२ मध्ये गावात नगरपालिका आली. माणसांचा आणि मालाचा असा राबता असलेल्या पनवेलमध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. वैद्याने आपल्या रोग्यापुरते औषध घरीच कुटावे, ही तोवरची रीत. आता आसवे, अरिष्टे, भस्मे तयार होऊन गावोगावी जाऊ लागली.

या औषधांमागच्या ग्रंथांत बाईच्या दुखण्यांना मोठी जागा आहे. चरकाने वीस योनिव्यापदे, म्हणजे स्त्रीच्या जननेंद्रियांचे विकार, सांगितली. पाळीच्या तक्रारींवर घराघरांत ठाऊक असलेले अशोकारिष्ट ‘भैषज्यरत्नावली’च्या स्त्रीरोगाधिकारात येते. तोंडाच्या दुखण्यांनाही तशीच जागा आहे: सुश्रुताने मुखरोग पासष्ट मोजले आणि त्यांतले पंधरा दातांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे; त्यांतल्या शीताद या रोगात तर हिरड्यांतून आपोआप रक्त येते, हे लक्षणही त्याने नोंदवले. निरीक्षण एवढे बारीक, पण बाईच्या आणि हिरडीच्या दुखण्यांची प्रकरणे निराळी.

घरात मात्र हिरडीवरचा पहिला उपाय बहुधा मिशेरी. कोकणात आणि घाटावरही बायका तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजत, तिची पूड करून दातांना, हिरड्यांना घासत. दात दुखतो म्हणून सुरू झालेली मिशेरी मग दिवसातून तीनचारदा लागे. या बायकांना व्यसनी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे, कारण दाताच्या वैद्यापर्यंत त्यांना नेणारे कोणी नव्हते. १९९२ मध्ये केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी आणली, पण घरच्या तव्यावर त्या बंदीचा अंमल कसा चालणार?

हिरडीवर घासलेली तंबाखू हिरडीपाशी थांबत नाही, हे मुंबईतच मोजले गेले. पी. सी. गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायका मुख्यतः मिशेरीच लावत. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले.

तंबाखूला हातही न लावणाऱ्या मुलींच्या बाबतीत हिरडी आणि गर्भाशय यांना जोडणारा हाच धागा आता दुसऱ्या टोकाने हाती येतो आहे. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांचे वर्णन केले: पाळी अनियमित, बीजकोश मोठे आणि गाठाळ. आज घरोघरी ज्याला पीसीओडी आणि डॉक्टर पीसीओएस म्हणतात, त्याची आधुनिक नोंद इथून सुरू होते. मुंबईतल्या तरुण मुलींच्या २०१४ च्या एका पाहणीत, निदानाचे रॉटरडॅम निकष लावले तर, २२.५ टक्के मुलींत हा विकार आढळला. हिरड्यांकडे मात्र संशोधकांचे लक्ष फार उशिरा गेले. २०११ मध्ये तुर्कस्तानातून अहवाल आला, नंतर हरियाणातल्या रोहतकहून: पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या हिरड्या अधिक सुजलेल्या, अधिक रक्ताळणाऱ्या. या विकारात शरीर इन्सुलिनला पुरती दाद देत नाही आणि अंगात मंद दाह धुमसत राहतो. हिरडीचा जुना संसर्गही रक्तात दाह वाढवणारी द्रव्ये सोडतो आणि इन्सुलिनचे काम अवघड करतो. आधी कोण आणि मागून कोण, याचा निवाडा अजून झालेला नाही. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात, असे दिसते.

दोन्ही दुखणी एकत्र बघण्याची सोय आज पनवेलमध्येच आहे: पनवेल महापालिकेच्या हद्दीत कामोठ्याला महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, दंत महाविद्यालयही आहे. पाळी चुकते म्हणून आलेल्या मुलीला ‘ब्रश करताना रक्त येतं का?’ असे विचारायला अर्धे मिनिट पुरते. तिला समोरच्या दंतविभागाची चिठ्ठी देता येते, आणि हिरड्यांतून रक्त येणाऱ्या मुलीला दंतवैद्याने पाळीबद्दल विचारले, तर तिचा इलाज काही वर्षे आधी सुरू होऊ शकतो.