शनवार तेल्यांकडे मागितलेला दाखला

ज्यू कोण? त्यांच्या धर्मशास्त्राचं उत्तर सोपं आहे. ज्याची आई ज्यू, तो ज्यू. नाहीतर तीन धर्मपंडितांपुढे धर्मांतर केलं, पुरुषाची सुंता झाली, पाण्यात बुडी मारली, तो ज्यू. धर्मांतर केलेल्याला त्याचं मागचं काढून टोचायचं नाही, हेही तिथंच लिहिलंय. मित्रांनो, मनूपेक्षा किती बरं! पण कागदावर.

आपल्या फणसवाडीतून मशीद बंदराकडे पायी गेलं की बेने इस्रायलांचं 1796 सालचं सिनेगॉग लागतं. ते त्याला मशीदच म्हणत. माणसं कोकणातली. नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, अशी त्यांची कथा. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. गावानं त्यांनाही जात चिकटवली, आणि त्यांनी ती घरातही घेतली. गोरे इस्रायल, काळे इस्रायल. काळे म्हणजे ज्यांच्या घराण्यातली आई बाहेरची. देव एकच, पण एका ताटात जेवण नाही, सोयरीक तर नाहीच. पुढे मुंबईत बगदादी ज्यू आले, ते या सगळ्यांनाच हलके समजू लागले. कबरस्तानात मधे भिंत घाला, अशी मागणी त्यांनी 1836 साली सरकारकडे केली. मेलेल्यांचाही विटाळ! आपल्याला हे फोडून सांगायला नको.

1948 नंतर बेने इस्रायल हजारोंनी इस्रायलला गेले. 1950 च्या कायद्यानं प्रत्येक ज्यूला तिथं यायचा हक्क दिला, पण लग्न धर्मपंडितांच्या हातात. 1962 साली त्यांचं फर्मान निघालं: बेने इस्रायलाचं लग्न लावण्याआधी त्याची आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागं तपासा. कुणी बाहेरची होती का? शास्त्राप्रमाणे सोडचिठ्ठी न घेता कुणी दुसरा घरोबा केला का? तसं निघालं तर त्या पोरांना जमातीत लग्नच नाही. आता कोकणातल्या पणजीचा दाखला कोण देणार? 1964 साली माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली. संसदेला म्हणावं लागलं, बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यूच. फर्मानातून जमातीचं नाव गेलं. त्या जागी ‘ज्याच्याविषयी शंका असेल तो’ असं आलं. साली शंका नेमकी कुणाविषयी येते?

आपण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्म घेतला. केंद्राचा 1950 चा अनुसूचित जातींचा आदेश मात्र बौद्धांना यादीबाहेर ठेवत राहिला, थेट 1990 पर्यंत. हे झालं सरकारचं. विहारात सोयरिकीची बैठक बसते, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातलेला असतो, आणि मुलीचा बाप हळूच विचारतो, “पाव्हणं, तुम्ही कोकणातले का घाटावरचे? सोमवंशी का लाडवण?”