जमीन आणि वनस्पतींचा वेध घेणारी ‘रिसोर्ससॅट’ उपग्रह मालिका

भारतीय अवकाश संशोधन संस्थेची, अर्थात इस्रोची ‘रिसोर्ससॅट’ मालिका ही देशातील जमीन, पिके, वने आणि जलसाठे यांच्या निरीक्षणासाठी विकसित करण्यात आली. या उपग्रहांच्या प्रतिमांवरून पिकांखालील क्षेत्राचे अनुमान काढले जाते आणि देशाचे वनक्षेत्र मोजले जाते. अन्नधान्याची आयात-निर्यात, पीक विमा आणि वनसंरक्षण यांविषयीचे निर्णय राजधानी दिल्लीत घेताना या आकडेवारीचा आधार घेतला जातो. त्यामुळे उपग्रहाला नेमके काय दिसते आणि काय दिसत नाही, हे समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

मालिकेची वाटचाल

भारताचा पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील बैकानूर येथून सोडण्यात आला. त्याच परंपरेतील रिसोर्ससॅट-१ चे १७ ऑक्टोबर २००३ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपण झाले. त्यानंतर २० एप्रिल २०११ रोजी रिसोर्ससॅट-२ आणि ७ डिसेंबर २०१६ रोजी रिसोर्ससॅट-२ए हे उपग्रह कक्षेत स्थापित करण्यात आले. तिन्ही प्रक्षेपणे पीएसएलव्ही या स्वदेशी प्रक्षेपकाने झाली. २०१६ मध्ये सोडलेल्या उपग्रहाचे वजन १,२३५ किलो होते.

हे उपग्रह सुमारे ८२० किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत पृथ्वीभोवती फिरतात. एका प्रदक्षिणेस त्यांना सुमारे १०१ मिनिटे लागतात. विषुववृत्त ओलांडताना स्थानिक वेळ नेहमी सकाळी साडेदहाच्या सुमाराची असते. प्रकाशाची स्थिती साधारण सारखी राहिल्याने वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या प्रतिमांची तुलना करता येते. प्रतिमांची माहिती हैदराबादजवळील शादनगर येथील भू-स्थानकात स्वीकारली जाते.

प्रत्येक उपग्रहावर तीन कॅमेरे असतात. लिस-४ हा ५.८ मीटर, लिस-३ हा २३.५ मीटर, तर एविफ्स हा ५६ मीटरपर्यंतचा तपशील टिपतो. एविफ्सचा तपशील कमी असला, तरी तो एकाच वेळी ७४० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो आणि ५ दिवसांनी त्याच प्रदेशावर परततो. लिस-३ चा पट्टा सुमारे १४० किलोमीटरचा असून त्याची फेरी २४ दिवसांची आहे.

हिरवळ कशी ओळखतात

निरोगी पान प्रकाशसंश्लेषणासाठी लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले असता ‘वनस्पती निर्देशांक’ मिळतो. त्याचे मूल्य उणे १ ते अधिक १ या दरम्यान असते. पीक जोमात असताना निर्देशांक वाढतो, तर ते पिवळे पडू लागले की तो घटतो. लिस-३ आणि एविफ्स या कॅमेऱ्यांतील लघुतरंग अवरक्त पट्ट्यावरून पाने व जमिनीतील ओलाव्याचाही अंदाज येतो.

पूसा येथील पीक अनुमान

नवी दिल्लीतील पूसा परिसरात एप्रिल २०१२ मध्ये महालनोबिस राष्ट्रीय पीक अनुमान केंद्र स्थापन झाले. थोर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे नाव या केंद्रास देण्यात आले आहे. ‘फसल’ या प्रकल्पांतर्गत गहू, भात, कापूस, ऊस, मोहरी, रब्बी ज्वारी आदी पिकांचे कापणीपूर्व अनुमान तयार केले जाते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चमन’ या प्रकल्पात कांदा, केळी, आंबा यांसारख्या बागायती पिकांचा समावेश करण्यात आला. कांद्याच्या भावावर संसार अवलंबून असलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने अशा अनुमानाचे मोल मोठे आहे.

मात्र उपग्रहाला पिकाखालील क्षेत्र जितके स्पष्ट दिसते, तितके उत्पादन दिसत नाही. प्रतिमेतील हिरवा ठिपका गव्हाचा की अन्य पिकाचा, हे ठरविण्यासाठी प्रत्यक्ष शेतातील नोंदी घ्याव्या लागतात. हेक्टरी उताऱ्यासाठी हवामानाची माहिती आणि पीक कापणी प्रयोग यांचा आधार आजही आवश्यक असतो. खरिपात ढगांमुळे हे कॅमेरे निरुपयोगी ठरतात. त्या वेळी रडार उपग्रह उपयोगी पडतात. यासाठी भारताने २०१२ मध्ये रिसॅट-१ आणि १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ईओएस-०४ हे उपग्रह सोडले.

दिल्लीचे वन आणि धूर

लिस-३ च्या प्रतिमांवर आधारित २०२१ च्या राष्ट्रीय वनस्थिती अहवालात दिल्लीचे वनाच्छादन सुमारे १९५ चौरस किलोमीटर, म्हणजे १३ टक्क्यांहून किंचित अधिक नोंदविले आहे. या मोजणीत किमान १ हेक्टर जागेत १० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असल्यास ती जागा वनाच्छादित मानली जाते. जमीन कोणाच्या मालकीची आणि झाडे कोणत्या जातीची, याचा त्यात विचार होत नाही. त्यामुळे अरवलीच्या टेकड्यांवर स्थानिक वृक्षांना हटवून पसरलेली विलायती बाभूळही या हिरव्या क्षेत्रात मोजली जाते. हिरवळ वाढली म्हणजे वन समृद्ध झाले, असा निष्कर्ष केवळ प्रतिमेवरून काढता येत नाही.

भाताचा पेंढा जाळण्याबाबतही अशीच मर्यादा आहे. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर पंजाब व हरियाणातील या धुराची झळ दिल्लीला बसते. रिसोर्ससॅटवर उष्णता टिपणारे उपकरण नाही. म्हणून पूसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आगींच्या नोंदीसाठी उष्णतासंवेदी परदेशी उपग्रहांचा उपयोग करतात. हे उपग्रह ठरावीक वेळीच माथ्यावरून जातात. त्यांच्या दुपारच्या फेरीनंतर लागून विझलेली आग नोंदीतून निसटू शकते. जळालेल्या शेताचा काळा डाग मात्र मागे राहतो. म्हणूनच आगींच्या संख्येबरोबर जळालेले क्षेत्रही मोजणे अधिक विश्वासार्ह ठरते.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून भारत व अमेरिका यांचा संयुक्त रडार उपग्रह ‘निसार’ सोडण्यात आला. दिवसा, रात्री आणि ढगांमधूनही जमीन व वनस्पतींतील बदल टिपणे, हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. साधने अशी अधिक सूक्ष्म होत असली, तरी त्यांनी दिलेल्या आकड्यांची शहानिशा शेताच्या बांधावर आणि वनात जाऊनच करावी लागेल.