रात्रीचें उतरणें

बाँबफेकी विमानानें शत्रूच्या तोफांकडे पाठ फिरविली कीं त्याचें संकट संपलें, असा सामान्य समज असतो. १६ डिसेंबर १९४३ च्या रात्रीनें तो खोटा ठरविला. त्या रात्रीं बर्लिनवर गेलेल्या इंग्रजी लँकॅस्टर विमानांपैकीं २५ मोहिमेंतच नाहींशीं झालीं. जीं परतलीं त्यांस स्वदेशीं दाट धुक्यानें गाठलें. आणि तळ न सांपडल्यामुळें आणखी तितकींच, किंबहुना थोडीं अधिकच, कोसळलीं किंवा वैमानिकांस हवेंतच सोडून द्यावीं लागलीं.

शत्रूच्या भीतीनें तळावर दिवे बेताचेच लावीत. पेट्रोल संपत आलेलें असे. आणि अनेक विमानें एकाच सुमारास परतत. यावर उपाय होता तो शिस्तीच्या संभाषणाचा. प्रत्येक विमान बिनतारी यंत्रावरून तळास आपली खूण कळवी. मनोऱ्यांतून, बहुधा एखाद्या तरुण स्त्रीच्या आवाजांत, त्यास हवेचा दाब व घिरट्या घालण्याची उंची सांगितली जाई. उंची दाखविणारें यंत्र हवेच्या दाबावरच चालतें. तो आंकडा चुकला तर काळोखांत जमीन अवचित पुढें ठाके. जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें विमानें सुमारें ५०० फुटांच्या अंतरानें एकावर एक फिरत राहत. खालचें उतरलें कीं वरचें एक पायरी खालीं येई. धुकें फारच असल्यास कांहीं तळांवर धावपट्टीच्या दोहों बाजूंस पेट्रोल जाळून तें विरवीत.

अकोल्याजवळ शिवणी येथें युद्धकाळांतच, १९४३ मध्यें, विमानतळ झाला. परंतु रात्रीच्या उड्डाणाचा खरा लाभ वऱ्हाडास मिळाला तो शांततेच्या काळांत. ३० जानेवारी १९४९ रोजीं रात्रीचें हवाई टपाल सुरू झालें. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरीं परतत. त्यांतील डाकोटा विमानें युद्धांत सैनिक व सामान वाहणाऱ्या जातीचीं होतीं. चार दिशांनीं येणाऱ्यांस अंधारांत पाळीनें उतरविण्याचा प्रश्न येथेंही होताच, आणि उत्तरही तेंच: बिनतारी संदेश व धावपट्टीचे दिवे.

मुंबईचें विमान वऱ्हाडच्या आकाशांतून जाई. १ एप्रिल १९४९ पासून, जेथें वेळ वांचत असेल तेथें, साधीं पत्रेंही जादा आकार न घेतां विमानानें जाऊं लागलीं. अमरावतीहून बडनेऱ्यामार्गें आगगाडीनें नागपुरास पोंचलेलें पत्र त्या रात्रीच्या थैलींत पडलें, तर दुसऱ्या सकाळीं कलकत्त्यास उतरे. त्यामागें कोणीतरी कानास यंत्र लावून नागपुरास रात्रभर जागलेला असे.