कव्वालीची टाळी आणि विहारातली वंदना

मोठ्या शहरांतल्या महोत्सवांत हल्ली एक प्रकार लोकप्रिय आहे. एकाच मंचावर वैदिक मंत्र, सुफी कलाम, गुरबाणी आणि चर्चमधले समूहगान आणायचे. ‘संगीताला धर्म नसतो’ असे निवेदकाने म्हणायचे आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवायच्या. याला फ्युजन म्हणतात. त्याला तिकीट असते, प्रायोजक असतात, वर्तमानपत्रांत त्याचे परीक्षण येते.

आमच्या नांदगाव खंडेश्वरसारख्या वऱ्हाडातल्या तालुक्यांत हे तिकिटाशिवाय होत आले आहे. १४ एप्रिलच्या किंवा बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मांडवात आधी पालि वंदना होते. मग त्याच मंचावर दर्ग्यातून आलेली कव्वाली रंगते आणि तिच्यात भजनी मंडळाची ढोलकही वाजते. तीन पवित्र परंपरा एका रात्रीत, एका मंचावर. पण याला कोणी फ्युजन म्हणत नाही. प्रस्थापितांना तो वस्तीतला गोंगाट वाटतो. आणि आता आपल्याच समाजातले काही जण विचारतात, “विहारासमोर कव्वाली कशाला? शुद्ध धम्माला हे शोभत नाही.” या दोघांनाही इतिहासातूनच उत्तर द्यावे लागेल.

आधी ‘संगीताला धर्म नसतो’ या वाक्याकडे पाहू. सूर कोणाचाही असेल, पण तो जिथे गायला जातो त्या जागेला दार असते, आणि त्या दारातून कोणाला आत घ्यायचे हे जात ठरवत आली. ज्यांचे जन्मस्थान वऱ्हाडातले मेहुणा राजा मानले जाते ते चोखामेळा अभंग रचत राहिले, पण विठ्ठलाच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. त्यांची समाधी आजही पायरीशी आहे, देवळाच्या बाहेर. अभंग आत गेला आणि कवी बाहेर राहिला. सहाशे वर्षांनीही चित्र फारसे बदलले नव्हते. नोव्हेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेला अध्यक्ष म्हणून आले, तेव्हा प्रश्न अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचाच होता. ज्या शहरात देवीची गाणी घरोघरी म्हटली जात होती, तिथे ती म्हणणाऱ्यांतल्या एका मोठ्या समूहाला देवीसमोर उभे राहण्यासाठी परिषद भरवावी लागत होती.

मग १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला. नागपुरात दीक्षा झाली, बावीस प्रतिज्ञा झाल्या. घराघरांतले देव देव्हाऱ्यातून उठले. पण ढोलकीचे काय करायचे? खंजिरी, चिपळ्या, एकतारी यांचे काय? पिढ्यान्‌पिढ्या जे गळे भजनात तयार झाले, त्यांनी आता गप्प बसायचे का? बाबासाहेबांनी त्याच वर्षी ‘बौद्ध पूजापाठ’ संकलित करून दिले होते, त्यामुळे वंदना मिळाली. पण रात्रभर जागून ऐकावे असे, निरक्षर आईबापालाही समजेल असे गाणे समाजाला स्वतःच घडवायचे होते. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी वाट दाखवून ठेवली होती. तमाशाचा सांगाडा घ्यायचा आणि त्यात नवा विचार भरायचा. बौद्ध समाजाने हीच रीत आता कव्वालीला लावली.

कव्वालीच का? वऱ्हाडापुरते उत्तर सोपे आहे. हा मुलुख निजामाच्या अमलाखाली होता. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला, तरी अचलपूर-बाळापूरकडची उर्दू आणि दर्ग्यांचे उरूस इथेच राहिले. उरुसाला जाताना कोणी जात विचारत नसे. देवळाच्या दारात अडवलेला माणूस दर्ग्याच्या अंगणात बसून रात्रभर ऐकू शकत होता.

कव्वालीची घडणही कामाची होती. ही गायकी परंपरेने अमीर खुस्रोशी आणि चिश्ती सुफींशी जोडली जाते. मुख्य गायक आधी तालाशिवाय शेर म्हणतो, मग ठेका सुरू होतो, साथीदार मुखडा उचलतात आणि टाळी धरतात. मध्येच दुसऱ्या कवीची ओळ गुंफायची मुभा असते, तिला गिरह म्हणतात. त्यामुळे एका कव्वालीत हिंदी शेर, मराठी ओवी आणि धम्मातला एखादा पालि शब्द सहज एकत्र बसतात. दोन पार्ट्यांचा मुकाबला लावला की कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाबही आले. दर्ग्यात आधी अल्लाहची स्तुती म्हणजे हम्द, मग पैगंबरांची नात, मग पीरांची मनकबत असा क्रम असतो. भीम-कव्वालीत आधी बुद्ध येतो, मग बाबासाहेब, मग रमाई आणि मग समाजाचा प्रश्न. पायऱ्या त्याच राहिल्या, पण त्यांवर कोण उभे राहणार हे समाजाने स्वतः ठरवले.

इथेच महोत्सवी फ्युजनपासून आमचा मार्ग वेगळा होतो. तिवसा तालुक्यातल्या मोझरीला तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर सर्वधर्मीय सामुदायिक प्रार्थना रुजवली. तिचा संदेश होता की सारे देव एकच. त्यामागचा सद्भाव आम्ही नाकारत नाही. पण दीक्षा घेतलेल्या समाजापुढचा प्रश्न निराळा होता. त्याला चाल हवी होती, पण त्या चालीसोबत येणारा देव आणि त्या देवाचा पुजारी नको होता.

हे काम कोणा एकाचे नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव गात फिरले. विदर्भात नागोराव पाटणकरांची कव्वाली घराघरांत पोहोचली. प्रल्हाद शिंदे यांचा एकच गळा विठ्ठलाच्या भक्तिगीतांतही ऐकू आला आणि भीमगीतांतही. विठ्ठल उमप जांभूळ आख्यान, पोवाडा, कव्वाली सारे गायले आणि २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळून गेले. यांपैकी कोणीही संगीत महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात ‘संमिश्र संगीताचे प्रवर्तक’ म्हणून शिकवला जात नाही.

आता शुद्धतेचा आक्षेप. अंगुत्तर निकायातल्या गीतस्सर सुत्तात लांबलचक गायनी स्वरात धम्म म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच्या आवाजात गुंततो, ऐकणाराही गुंततो, उपासक म्हणतात हे तर आमच्यासारखेच गातात, समाधी मोडते आणि पुढची पिढी तेच गिरवते. पण हा उपदेश भिक्खूंना आहे आणि तो धम्मपठणाविषयी आहे. दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणा घेऊन गातो. त्याच्या गाण्यात बुद्ध, धम्म, अरहंत आणि चक्क प्रेमही आहे. ते ऐकून बुद्ध त्याला हाकलत नाहीत. तुझी तार आणि तुझा गळा एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत, या अर्थाची दाद देतात. आमच्या मांडवातला क्रम याच शहाणपणाचा आहे. वंदना वाद्यांशिवाय होते, मग पेटी उघडते. सरमिसळ आहे, पण तिला मर्यादाही आहे.

असा आक्षेप जगात इतरत्रही आला. थॉमस डॉर्सी या कृष्णवर्णीय पियानोवादकाने १९३० च्या दशकात शिकागोत ब्लूजची लय चर्चच्या गाण्यात आणली, तेव्हा अनेक चर्चनी ती नाकारली. पुढे तेच गॉस्पेल नागरी हक्क चळवळीचे बळ झाले.

एक आक्षेप मात्र आम्ही खरा मानतो. मनकबतीचा साचा भक्तीचा आहे. त्यात बाबासाहेबांना ठेवले की ते पीर किंवा देव होण्याचा धोका आहे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. चमत्कार सांगणारी, नुसता जयघोष करणारी कव्वाली त्या इशाऱ्याच्या विरोधात जाते. जी मुलीच्या शाळेचे विचारते, दारूचे विचारते, पुढाऱ्याकडे हिशेब मागते, ती आंबेडकरी. पारख इथे लावा. सूर मुसलमानांचा की वारकऱ्यांचा हे विचारणे म्हणजे गाण्यातही जात शोधणे होय.

दरम्यान वर्गणीचा मोठा वाटा डीजेकडे जाऊ लागला आहे. भिंती हादरतात, पण शब्द ऐकू येत नाही. कव्वालाला बोलावणे येत नाही, म्हणून त्याचा मुलगा पेटी शिकत नाही. म्हणून तालुक्यातल्या जयंती समित्यांना आमची विनंती आहे की एक रात्र कव्वालीसाठी राखून ठेवा. म्हाताऱ्या गायकांकडच्या गाण्यांच्या वह्या उतरवून घ्या, त्यांचे आवाज मोबाइलवर का होईना, जपा. मेहुण्याचा चोखोबा दाराबाहेर राहिला, कारण दार त्याचे नव्हते. हा मांडव आपला आहे. त्यातून आपल्याच गायकाला बाहेर काढण्याचे पाप आपल्या हातून होऊ नये.

जयभीम!