जोगळटेंभीचा मुद्रानिधी आणि सातवाहन-क्षहरात संघर्षाचा काल : पुराव्याच्या मर्यादांचा विचार

प्रस्तावना

गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात क्षत्रप नहपानाच्या सत्तेचा केलेला उच्छेद ही प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासातील एक निर्णायक घटना होय. या विजयामुळे सातवाहनांची गेलेली सत्ता पुन्हा प्रस्थापित झाली. अनेक क्रमिक पुस्तकांत गौतमीपुत्राचा काल इ. स. १०६ ते १३० असा दिलेला असतो आणि विद्यार्थीही तो सिद्ध तथ्य म्हणून पाठ करतात. वस्तुतः हा काल कोणत्याही लेखात नोंदलेला नाही. तो एका गृहीतकावर उभारलेले अनुमान आहे. या संघर्षाचा सर्वात मोठा भौतिक पुरावा असलेल्या जोगळटेंभीच्या मुद्रानिधीतून नेमके काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

मुद्रानिधीचे स्वरूप

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा निधी सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही सर्व नाणी मुळात नहपानाची असून त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटविलेले आहेत. एका बाजूस चैत्य किंवा पर्वत म्हणून ओळखले जाणारे कमानींचे चिन्ह व राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस तथाकथित उज्जयिनी चिन्ह अशी या पुनर्मुद्रणाची रचना आहे. नव्या ठशाखाली नहपानाचा मुखवटा आणि त्याच्या नावातील अक्षरे अनेक नाण्यांवर अजूनही दिसतात.

या नाण्यांची घडण लक्षणीय आहे. त्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आढळतात. राजाचे मुखचित्र आणि ग्रीक अक्षरे यांची परंपरा अलेक्झांडरनंतर वायव्येस राज्य केलेल्या यवन राजांच्या द्रम्म नाण्यांपर्यंत मागे जाते. अपोलोडोटस व मिनँडर यांचे जुने द्रम्म आपल्या काळीही भडोच येथे चलनात होते, असे ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रंथाचा अज्ञात लेखक नमूद करतो. मॅसिडोनियन विजयानंतर रूढ झालेली ही नाणेपद्धती अशा रीतीने गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचली होती.

पुनर्मुद्रणाचा अर्थ

एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्याचा ठसा असेल, तर दुसरा राजा पहिल्याचा समकालीन तरी असला पाहिजे किंवा त्याच्यानंतरचा. यापलीकडचे निष्कर्ष मात्र सावधपणे काढावे लागतात. सुमारे ३,९८० नाणी पुनर्मुद्रित नाहीत. पुनर्मुद्रणाचे काम अर्धवट राहिले असेल किंवा दोन्ही प्रकारची नाणी एकाच वेळी चलनात असतील. दोन्ही शक्यता खुल्या राहतात. नाणी वितळविण्यात आली नाहीत, यावरून नहपानाच्या नाण्यांचे वजन व चांदी विजेत्याला मान्य होती, असे दिसते. पुढे पुळुमावी, यज्ञ सातकर्णी इत्यादी सातवाहन राजांनी स्वतःची मुखचित्रांकित चांदीची नाणी पाडली, ती क्षत्रपांच्या धर्तीवरच. पराभूत शत्रूचे चलन नष्ट करण्याऐवजी ते आपलेसे करणे, असा हा व्यवहार होता. शिवाय निधी सापडल्याचे ठिकाण म्हणजे रणभूमी नव्हे, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पुनर्मुद्रणावरून राजांचा क्रम ठरविण्याचे दुसरे उदाहरण आपल्या दक्षिण महाराष्ट्रातील आहे. कोल्हापूर येथे वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर या तीन राजांची नाणी सापडली आहेत. सिवलकुराने पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला ठसा उमटविला असल्याने तो नंतरचा ठरतो. ह्याच तर्काने गौतमीपुत्र विळिवायकुर तिसरा ठरतो. क्रम असा निश्चित झाला, तरी हे राजे सातवाहनांचे मांडलिक होते की स्वतंत्र, याविषयी मतभेद राहिलेच. ठसा क्रम सांगतो. नातेसंबंध आणि वर्ष सांगत नाही.

शिलालेखांची साक्ष

नाशिकच्या लेण्यांतील कोरीव लेख या पुराव्याला पूरक आहेत. नहपानाचा जावई उषवदात याच्या दानलेखांत व नहपानाच्या इतर लेखांत ४१, ४२ आणि ४५ ही वर्षे येतात. अमात्य अयम याच्या जुन्नर येथील लेखात ४६ हे वर्ष असून त्यात नहपानाला महाक्षत्रप म्हटले आहे. गौतमीपुत्राचा अठराव्या राज्यवर्षाचा नाशिक येथील लेख लष्करी छावणीतून काढलेल्या आज्ञेच्या स्वरूपाचा आहे. पूर्वी उषवदाताच्या उपभोगात असलेले २०० निवर्तन शेत त्यात भिक्षूंना दिले आहे. अठराव्या वर्षापर्यंत हा प्रदेश क्षहरातांच्या हातून गेला होता, याचा हा अत्यंत विश्वसनीय पुरावा होय. कारण त्यात विजयाची प्रौढी नसून जमिनीचा व्यवहार आहे. ह्याच लेखातील सेनेच्या विशेषणाचा अर्थ काही विद्वान ‘विजयी सेना’ असा, तर काही ‘वैजयंती येथील सेना’ असा लावतात.

गौतमी बलश्रीचा सुप्रसिद्ध लेख मात्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील आहे. मुलाने क्षहरात वंश निःशेष केला आणि शक, यवन व पल्हवांचा संहार केला, असे गौरवपूर्ण वर्णन त्यात आहे. हा लेख मुलाच्या निधनानंतर अनेक वर्षांनी कोरला गेला असून तो प्रशस्तीच्या शैलीत आहे. विजयाचे तपशील म्हणून त्याचा उपयोग करताना हे अंतर विसरता कामा नये.

कालगणनेचा वाद

वादाचे मूळ नहपानाच्या ४१ ते ४६ या वर्षांत आहे. ही वर्षे कोणत्या गणनेची आहेत, हे लेखांत सांगितलेले नाही. ती शक संवताची मानल्यास ४६ वे वर्ष म्हणजे इ. स. १२४ होय. नहपानाचा पराभव त्याच सुमारास झाला आणि ते गौतमीपुत्राचे अठरावे वर्ष होते, असे धरल्यास त्याचे राज्यारोहण इ. स. १०६ च्या सुमारास येते. त्याचा शेवटचा ज्ञात लेख चोविसाव्या वर्षाचा आहे. म्हणून राज्यकाल इ. स. १३० पर्यंत नेला जातो. क्रमिक पुस्तकांतील आकडे असे तयार झाले आहेत.

या मताला काही आधार निश्चित आहेत. रुद्रदामनच्या इ. स. १५० च्या जुनागढ लेखात सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, आकर-अवंती हे प्रदेश त्याच्या सत्तेखाली दिसतात. बलश्रीच्या लेखात हेच प्रदेश तिच्या मुलाचे म्हणून येतात. गौतमीपुत्राने जिंकलेला प्रदेश एका पिढीत क्षत्रपांनी परत मिळविला, ही मांडणी या कालक्रमात सहज बसते. टॉलेमीने उज्जयिनीचा चष्टन आणि पैठणचा पुळुमावी यांचा एकत्र उल्लेख केला आहे, हेही या मताला अनुकूल आहे.

विरुद्ध पक्षाचे पुरावेही दुर्बल नाहीत. ‘पेरिप्लस’मध्ये भडोच ज्या राज्यात आहे, त्या राज्याचा मन्बनोस हा राजा म्हणजे नहपान असावा, असे बहुसंख्य विद्वान मानतात. त्याच ग्रंथात नबाती राजा मलिखस याचा उल्लेख असून त्याचा काल इ. स. ४० ते ७० असा आहे. म्हणजे नहपान पहिल्या शतकाच्या मध्यास राज्य करीत असला पाहिजे. कल्याण बंदराची कोंडी झाल्याचे आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात असल्याचेही हा लेखक सांगतो. हे वर्णन चालू संघर्षाचेच आहे. शिवाय डॉ. शोभना गोखले यांनी प्रकाशित केलेल्या कच्छमधील अंधौ येथील लेखात चष्टनाचे ११ वे वर्ष येते. ते शक संवताचे, म्हणजे इ. स. ८९ चे मानल्यास, इ. स. १२४ पर्यंत नहपानाला ठेवणे अवघड होते. या आधारावर जो क्रिब, शैलेन भांडारे इत्यादी नाणकशास्त्रज्ञांनी नहपानाची वर्षे शकपूर्व ठरवून गौतमीपुत्राला पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात आणले आहे.

दोन्ही मतांत अंतर सुमारे अर्ध्या शतकाचे आहे. ते केवळ राजांच्या वंशावळीपुरते मर्यादित नाही. नाशिक, कार्ले व जुन्नर येथील लेण्यांचे टप्पे आणि रोमन व्यापाराच्या भरभराटीशी त्यांचा संबंध ह्याच कालक्रमावर अवलंबून आहे.

तुलनात्मक दृष्टी

भौतिक पुरावा विपुल असूनही व्यक्ती व वर्ष अनिश्चित राहावे, ही स्थिती केवळ आपल्याकडचीच नाही. उत्तर ग्रीसमधील व्हर्जिना येथे १९७७ मध्ये मानोलिस आन्द्रोनिकोस यांनी मॅसिडोनियन राजघराण्याचे न लुटलेले थडगे उघडले. सुवर्णपेटीतील दहन केलेल्या अस्थी, लोखंडी चिलखत आणि असमान लांबीची पोटरीकवचे असा समृद्ध ऐवज तेथे मिळाला. तरीही ते थडगे अलेक्झांडरचा पिता दुसरा फिलिप (मृत्यू इ. स. पू. ३३६) याचे की त्याचा दुसरा पुत्र फिलिप अर्हिडियस (मृत्यू इ. स. पू. ३१७) याचे, हा वाद आजही चालू आहे. २०१५ मध्ये तर शेजारच्या पहिल्या थडग्यातील अस्थी दुसऱ्या फिलिपच्या आहेत, असे मत काही संशोधकांनी मांडले. तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन झालेले होते, तर जोगळटेंभीचा निधी योगायोगाने हाती आला. दोन्हीकडे वस्तू बोलतात, परंतु त्यांना नाव आणि वर्ष देण्यासाठी बाहेरचा पुरावा लागतो. तो पुरावा निर्णायक नसेल, तर वस्तूंची संख्या वाढवून निर्णय होत नाही.

समारोप

वरील चर्चेवरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. गौतमीपुत्राने नहपानाच्या सत्तेचा शेवट केला, हे नाणी व लेख यांच्या परस्परपूरक साक्षीने सिद्ध आहे. हा बदल गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षापर्यंत घडून गेला होता, हेही निश्चित आहे. मात्र ते अठरावे वर्ष इसवी सनाचे कोणते, हे नहपानाच्या वर्षांच्या गणनेवर अवलंबून असून तो प्रश्न खुला आहे. म्हणून अध्यापनात इ. स. १०६ ते १३० हे आकडे देताना ते शक संवताच्या गृहीतकावर आधारलेले आहेत, असे सांगणे आणि पर्यायी मत त्याच्या पुराव्यांसह मांडणे आवश्यक आहे. १२४ मधून १८ वजा करून १०६ कसे आले, हे ज्या विद्यार्थ्याला समजेल, त्याला अनुमान आणि तथ्य यांतील भेदही समजेल. इतिहासाच्या अध्यापनाचे तेच प्रयोजन होय.