रणजी करंडक आणि जोड लावण्याचा न्याय

वऱ्हाडांतील यात्रेंत कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हां त्याचा खरा सूत्रधार कोण असतो हें पाहण्यासारखें आहे. तो पहिलवान नसतो, आणि इनाम देणारा पाटील किंवा सावकारही नसतो. आखाड्याच्या कडेला बसून ‘जोड’ लावणारे चार जाणते म्हातारे हेच त्या फडाचे मालक. ह्याचें अंग किती, त्याचा उस्ताद कोण, गेल्या वर्षीं हा कोणाकडून चीत झाला, हा सारा हिशेब मनांत जुळवून ते दोघांना समोरासमोर उभे करितात. जोड चुकली तर कुस्ती दोन क्षणांत निकालांत निघते आणि लोक उठून भज्यांच्या दुकानाकडे वळतात. जोड साधली तर कुस्ती बरोबरींत सुटून इनाम वांटून द्यावें लागलें तरी कोणी कुरकुर करीत नाहीं. नियम दोन्ही कुस्त्यांना तेच असतात. फरक पडतो तो जोडीमुळें.

दोघांना एकच नियम लावणें हा एक न्याय. आणि दोघांत सामना होऊं शकेल अशी तजवीज करणें हा दुसरा. आपल्या देशांतील क्रिकेटच्या प्रांतिक स्पर्धेचा, म्हणजे रणजी करंडकाचा इतिहास चाळूं लागलें असतां ह्या दोन न्यायांची ओढाताण पानोपानीं दिसते. आमच्या यवतमाळसारख्या जिल्ह्याचा ह्या इतिहासाशीं काय संबंध, असें वाचकांस वाटेल. तो संबंध पुढें येईलच.

रणजी करंडक सुरू झाला १९३४ सालीं. त्यापूर्वी, आणि त्यानंतरही १९४६ पर्यंत, लोकांच्या उत्साहाचें खरें केंद्र मुंबईचे चौरंगी आणि पुढें पंचरंगी सामने हें होतें. तेथें संघ धर्मावर पाडलेले. हिंदूंचा संघ साऱ्या हिंदुस्थानांतून निवडावयाचा, पारशांचा एका मूठभर समाजांतून, आणि जे कोठेंच बसत नाहींत त्यांचा ‘इतर’ संघ. अशी जोड कोणत्याही जाणत्या म्हाताऱ्यानें लावली नसती. १९४३ च्या अंतिम सामन्यांत ‘इतर’ संघानें दुसऱ्या डावांत ३८७ धांवा केल्या. त्यांपैकीं ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या होत्या. सांगलीच्या ह्या ख्रिस्ती खेळाडूचा हा पराक्रम अजून सांगितला जातो. तो सामना हिंदूंनीं एका डावानें जिंकला होता, हें मात्र सांगावयाचें राहून जातें. एका माणसाच्या थोरवीनें विषम जोड सम होत नाहीं.

रणजी करंडकानें धर्माची वांटणी सोडून प्रांताची धरली, हें उत्तमच झालें. परंतु प्रांत तरी कोठें सारखे होते? आमचा संघ ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ ह्या नांवानें खेळे. त्या प्रांताची राजधानी नागपूर. आणि ह्याच नागपुरांत कर्नल सी. के. नायडू जन्मले. हिंदुस्थानचे पहिले कसोटी कर्णधार आम्हीच जन्मास घातले, असा अभिमान आम्ही बाळगतों. पण १९२३ सालीं तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून ते इंदुरास गेले, होळकरांच्या सैन्यांत अधिकारी झाले, आणि पुढील पराक्रम होळकर संघाच्या खात्यावर जमा झाला. १९४६ च्या अंतिम सामन्यांत वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षीं त्यांनीं बडोद्याविरुद्ध द्विशतक काढलें. बडोद्यानेंही तेंच केलें होतें. हजारे बडोद्याच्या पदरीं गेले. १९४७ च्या अंतिम सामन्यांत होळकरांविरुद्ध हजारे आणि गुल महंमद ह्यांनीं ५७७ धांवांची भागी केली. ज्या प्रांतास राजा नव्हता, त्याला खेळाडू टिकविण्याचें साधनच नव्हतें. मध्यप्रांत व वऱ्हाड हा इंग्रजांचा खालसा मुलूख. तेथील कलेक्टर कापसाची जिनें मोजीत असे, फलंदाज नव्हे.

राजाश्रयानें खेळांत अन्याय शिरला, असें ह्यावरून कोणी म्हणेल. मला तें अर्धेंच पटतें. १९४५ च्या अंतिम सामन्याचें उदाहरण घ्या. महायुद्धाच्या निमित्तानें इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन हा विख्यात फलंदाज इंदुराजवळ महूच्या छावणींत होता. होळकरांनीं त्याला आपल्या संघांत घेतलें. मुंबईनें ४६२ आणि ७६४ धांवा केल्या. विजयासाठीं ८६७ हव्या असतां कॉम्प्टन २४९ धांवा काढून नाबाद राहिला, आणि तरीही होळकर संघ ३७४ धांवांनीं हरला. एक परदेशीं तारा विकत किंवा उसना आणल्यानें बलाढ्य संघ होत नसतो, हा धडा आजच्या लिलावकर्त्यांनींही गिरवावा असा आहे. पण दुसरी बाजू अशी कीं, १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळां अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि चार वेळां जिंकला. मुंबईला तोलामोलाची जोड त्या काळांत कोणी दिली असेल तर ती होळकर आणि बडोदा ह्यांनींच.

संस्थानें गेलीं, त्यांच्या मागोमाग होळकर संघही गेला. आणि मग काय झालें? १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षें करंडक मुंबईकडे राहिला. मुंबईचे मैदानी सामने, कचेऱ्यांच्या ढाली, पावसाळ्यांत खेळली जाणारी कांगा साखळी, ह्या सर्वांचें तें फळ होतें; त्यांत लबाडी कांहीं नव्हती. १९७०-७१ मध्यें वाडेकर, गावसकर, सरदेसाई आदि मंडळी वेस्ट इंडीजमध्यें असतां सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखालीं उरलेल्या मुंबईनें अंतिम सामन्यांत महाराष्ट्राला हरविलें! ज्याच्या घरचे पांच कमावते बाहेरगांवीं असूनही शेजाऱ्यांहून ताट भरलेलें राहतें, त्याच्या श्रीमंतीस काय म्हणावें? मुंबईकर वाचक ह्या काळास सुवर्णयुग म्हणतात. बाकीच्यांच्या दृष्टीनें तो निकाल आधींच ठरलेल्या कुस्त्यांचा फड होता.

ह्या पंधरा वर्षांतील सर्वांत करुण कथा राजस्थानची आहे. १९६०-६१ ते १९६९-७० ह्या दशकांत तो संघ सात वेळां अंतिम सामन्यांत पोंचला आणि साती वेळां मुंबईकडून हरला. आणि त्या राजस्थानच्या मागें, त्याच मध्य विभागांत, आमचा विदर्भ होता. राज्यपुनर्रचनेनंतर वऱ्हाड-नागपूरचे आठ जिल्हे मुंबई राज्यांत आले, पण क्रिकेटमध्यें विदर्भ ही वेगळी पाती राहिली आणि १९५७-५८ पासून ह्या नांवाचा संघ उतरूं लागला. त्याच वर्षीं विभागीय साखळी सुरू झाली, आणि १९७०-७१ पर्यंत विभागांतील पहिला संघच पुढें जात असे. अर्थ असा कीं, विदर्भाच्या खेळाडूस रणजी करंडकांत मुंबईशीं चार दिवस झुंजण्याची संधि हवी असेल, तर आधीं राजस्थानास मागें टाकावें लागे. शिकावयाचें तर बलवंताकडून, आणि बलवंत भेटावयाचा तर आधीं शिकलेलें असावें लागे. असल्या पेंचांत पिढ्या निघून जातात, आणि तशा त्या गेल्याही.

इतर देशांनीं ह्या रोगावर निरनिराळीं औषधें काढलीं. इंग्लंडांत फुटबॉलपटूचें वेतन १९०१ सालीं आठवड्यास चार पौंडांच्या मर्यादेंत बांधलें. ती मर्यादा पुढें वाढत गेली आणि १९६१ सालीं सुटली. तिचा बोजा कारखानदार मालकांवर पडला नाहीं, तो खेळाडूंच्या पाठीवर पडला. अमेरिकेंतील व्यावसायिक फुटबॉल साखळीनें १९३६ पासून असा परिपाठ ठेविला कीं, मागील वर्षीं जो संघ तळाशीं राहील त्यानें नव्या खेळाडूंतून पहिली निवड करावी. भांडवलशाहीच्या माहेरघरीं समाजवादाचा हा पाट मांडलेला पाहून मौज वाटते! आपल्याकडे २००८ सालीं आय.पी.एल. निघाली तेव्हां प्रत्येक संघास खेळाडूंवर पन्नास लाख डॉलर खर्चण्याची मर्यादा घातली. पहिल्या वर्षीं सर्वांत स्वस्तांत विकला गेलेला राजस्थानचा संघ जिंकला आणि मर्यादेचे गोडवे गायिले गेले. पण २०२५ अखेरच्या अठरा हंगामांपैकीं दहा विजेतेपदें मुंबई आणि चेन्नई ह्या दोनच संघांकडे आहेत. पैशाची पिशवी बांधतां येते. चांगला पारखी आणि चांगला कर्णधार ह्यांना बांधणारी दोरी अद्याप निघालेली नाहीं.

रणजी करंडकानें निराळा मार्ग धरला. २००२-०३ पासून संघांची विभागणी भूगोलावरून न करतां बळावरून केली. वरचा ‘एलिट’ गट आणि खालचा ‘प्लेट’ गट. नांवें ऐकून अपमान वाटावा अशींच आहेत, पण जाणत्या म्हाताऱ्यांचा तो जुनाच जोड लावण्याचा न्याय होता. त्यांत एक धोकाही होता. दुबळ्यांची जोड दुबळ्यांशीं कायमचीच लावली तर ते कायमचेच दुबळे राहतात. म्हणून खालच्या गटांतील पहिल्यांना बाद फेरींत प्रवेश दिला गेला, हा त्या योजनेचा प्राण. त्याचें फळ २०१०-११ मध्यें दिसलें. सात वेळां मुंबईकडून हरलेला तोच राजस्थान खालच्या गटांतून वर आला आणि पहिल्यांदाच करंडक घेऊन गेला. त्या हंगामांत त्यानें हैदराबादचा डाव २१ धांवांत गुंडाळला. त्याचा कर्णधार होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर, म्हणजे बाहेरून आणलेला.

आतां विदर्भाकडे येऊं. २०१७-१८ मध्यें फैज फझलच्या नेतृत्वाखालीं विदर्भानें उपांत्य सामन्यांत कर्नाटकास अवघ्या पांच धांवांनीं आणि अंतिम सामन्यांत दिल्लीस नऊ गडी राखून हरविलें. रजनीश गुरबानीनें लागोपाठ तीन बळी घेतले, अक्षय वाडकरनें शतक काढलें. प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. संघांत होता मुंबईचाच वसीम जाफर. आणि सामना झाला कोठें? इंदुरास, होळकरांच्या नांवाच्या मैदानावर. ज्या गांवानें नागपूरचा नायडू नेला, त्याच गांवीं नागपूरच्या संघानें करंडक उचलला. इतिहासाला अशी व्याजासकट परतफेड करण्याची संवय क्वचितच असते.

पुढच्याच वर्षीं जामठ्यास सौराष्ट्राला ७८ धांवांनीं हरवून विदर्भानें करंडक राखला. चाळिशीच्या जाफरनें त्या हंगामांत १,०३७ धांवा केल्या. २०२३-२४ चा अंतिम सामना विदर्भ मुंबईकडून हरला. मुंबईचें तें बेचाळिसावें विजेतेपद. २०२४-२५ मध्यें केरळविरुद्धचा सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावाच्या ३७ धांवांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. त्या हंगामांत हर्ष दुबेनें ६९ बळी घेऊन नवा विक्रम केला, आणि अंतिम सामन्यांत कर्नाटकांतून आलेल्या करुण नायरनें ८६ व १३५ धांवा काढल्या.

उसन्या माणसांच्या जिवावर मिळविलेल्या ह्या यशाचें काय कौतुक, असें विचारणारे नागपुरांतही भेटतात. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण होळकर आणि विदर्भ ह्यांत एक मोठा भेद आहे. होळकरांनीं इतरांचे ऐन उमेदींतले खेळाडू नेले. विदर्भानें बहुधा ज्यांना घरीं जागा उरली नव्हती अशांना आणलें, आणि तेंही मोजकेच. जाफरच्या शेजारीं उभें राहून फलंदाजी शिकलेला पोरगा विदर्भाचाच राहतो. ह्या देवघेवींत आपलेंही जातें. २०२५ सालीं नायर कर्नाटकाकडे परतला, आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. दार दोन्ही बाजूंनीं उघडतें तोंवर तक्रारीस जागा नाहीं.

हें दार एकदां जवळजवळ बंद होणार होतें. लोढा समितीनें जानेवारी २०१६ मध्यें ‘एक राज्य, एक मत’ हें तत्त्व सुचविलें आणि जुलैमध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें मान्य केलें. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संस्था एका राज्यांत, म्हणून दोघांचें मत जावयाचें. वर वर पाहतां ह्याहून सरळ न्याय कोणता? ईशान्येच्या लहान राज्यांना तो हवाही होता, आणि त्यांची बाजू खोटी नव्हती. पण ज्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं विदर्भ विजेता झाला, त्याच वर्षीं, ऑगस्ट २०१८ मध्यें, न्यायालयानें हें कलम बदलून जुन्या संस्थांचें पूर्ण सभासदत्व परत दिलें. माझ्या मतें तें योग्य झालें. राज्यांच्या सीमा १९५६ आणि १९६० सालीं भाषेसाठीं आंखल्या गेल्या; नागपूरचें क्रिकेट त्याआधींचें आहे.

परंतु हाच युक्तिवाद आपल्या अंगणांत आणून पाहिला कीं जिभेला थोडा अडखळा होतो. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला, आणि पैनगंगा ही दोन राजवटींची सीमा झाली. निजाम गेला, इंग्रज गेले, दोन्ही कांठ एका राज्यांत आले. क्रिकेटपुरती मात्र ती सीमा अजून उभी आहे. नदीच्या दक्षिणेचा, हदगांवचा मुलगा पुण्याच्या महाराष्ट्र संस्थेचा; उत्तरेचा, उमरखेडचा मुलगा विदर्भाचा. दोघांची बोली एक, बाजार एक, पुष्कळदां सोयरीकही एकाच घरांत. विदर्भाचे आज अकरा जिल्हे आहेत, त्यांत यवतमाळचे सोळा तालुके. पण जामठ्याचें मैदान, प्रबोधिनी, निवडीचें दार हें सारें नागपुरास. जी तक्रार नागपूरनें पन्नास वर्षें मुंबईविरुद्ध केली, ती आतां नागपूरच्या पायरीशीं येऊन बसली आहे. मुंबई आणि विदर्भ ह्यांची जोड लागली. पुसद, वणी किंवा उमरखेड आणि नागपूर ह्यांची लावणारा जाणता म्हातारा कोणत्या समितींत बसतो, हें अजून ठरावयाचें आहे. तोंवर उमरखेडच्या मुलास नांदेड जवळ असलें तरी जावें लागतें तें उलट दिशेनें, यवतमाळ मागें टाकून, नागपूरच्या रस्त्यानें.